मुखवट्याआडचा मिकी

१७ जुलै १९५५ हा दिवस कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम या गावी मोठ्या गोंधळाचा गेला. संत्र्यांच्या बागा तोडून अवघ्या वर्षभरात उभारलेले डिस्नेलँड त्या दिवशी उघडले. समारंभ निमंत्रितांपुरताच होता. पण बनावट प्रवेशपत्रे मिळवून हजारो लोक आत घुसले. ऊन असे कडक होते की, नुकत्याच घातलेल्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतत होत्या. नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचीही टंचाई होती. हा सारा प्रकार दूरचित्रवाणीवरून अमेरिकेच्या घराघरांत त्याच वेळी दिसत होता, आणि निवेदन करणाऱ्या तिघांत रोनाल्ड रीगन नावाचे एक नट होते. त्या दिवशीच्या मिरवणुकीत मिकी माऊस हात हालवीत चालला होता. परंतु तो मिकी डिस्नेलँडचा नव्हता. त्याचा वेष उसना आणलेला होता.

‘आईस कॅपेड्स’ या नावाची एक मंडळी त्या काळी अमेरिकेत गावोगाव बर्फावरील नृत्याचे खेळ करीत असे. तिच्या खेळांत डिस्नेच्या कथांतील प्रवेश असत आणि त्यासाठी बनविलेले वेष तिच्या पेटाऱ्यांत होते. तेच उद्घाटनासाठी मागून आणले गेले. दिव्यांच्या झोतात, दुरून पाहण्याकरिता घडविलेले ते मुखवटे भर उन्हात जवळून पाहिले म्हणजे काहीसे भेसूर दिसत. त्या वेळची छायाचित्रे आज पाहणाऱ्याला मिकी ओळखू येतो, पण त्याच्यापाशी लेकराला एकटे सोडण्याचा धीर होत नाही. सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर खर्चून किल्ला, आगगाडी, नदी आणि त्या नदीतली आगबोट उभी करणाऱ्या वॉल्ट डिस्ने यांच्या घरी खुद्द मिकीसाठी नवा वेष नसावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. लोक किल्ला पाहावयास येतील, गाडीत बसावयास येतील. पण चित्रातल्या उंदराचा हात हातात घेण्यासाठी येतील, हे त्या वेळी कोणाच्या हिशेबात फारसे नसावे.

चित्रातील पात्रांना माणसाच्या अंगावर चढविण्याचा प्रघात मात्र त्याहून जुना होता. नोव्हेंबर १९२८ मध्ये मिकी पहिल्या बोलपटातून लोकांपुढे आला. पुढे डिसेंबर १९३७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल नाट्यगृहात हिमगौरी आणि सात बुटके यांचा चित्रपट प्रथम झळकला, तेव्हा दाराशी वेषधारी पात्रे उभी करण्यात आली होती. पण ती शोभेची पात्रे. लोकांनी त्यांच्याकडे पाहावे, हसावे आणि आत जाऊन बसावे, एवढाच त्यांचा उपयोग.

कागदावरचा उंदीर हाडामासाच्या माणसाला नेसविणे हे काम दिसते तितके सोपे नाही. चित्रात मिकीचे डोके त्याच्या देहाच्या मानाने फारच मोठे असते. शिवाय त्याने मान कोणत्याही बाजूला वळविली तरी त्याचे दोन्ही कान गोलच्या गोल दिसतात. कागदावर हे चालते, कारण चित्रकार दर वेळी नवे वर्तुळ काढतो. प्रत्यक्षातला कान ही चपटी चकती. बाजूने पाहिली की तिची फळी होते. चित्रातल्या मिकीच्या हाताला अंगठा धरून चारच बोटे. तेव्हा माणसाच्या पाच बोटांना चारांत दाटीवाटीने राहावे लागते. चेहऱ्यावर एकच हसू कायमचे गोठलेले. आतल्या माणसाला बाहेरचे जग दिसते ते तोंडातल्या किंवा डोळ्यांतल्या जाळीतून, आणि जमिनीपाशी उभे असलेले तीन वर्षांचे मूल तर बहुधा दिसतच नाही. डिस्नेच्या कारखान्यात चित्रपटांची चित्रे काढणारे बिल जस्टिस यांनी पुढे अनेक वेषांची रेखाटने केली. कागदावर ज्यांनी ही पात्रे हलविली, त्यांच्यापैकीच एकाला ती जमिनीवर चालविण्याचा विचार करावा लागला, हे योग्यच झाले.

वेष सुधारला, तरी त्यात शिरणारा माणूस हवा होता. तो मिळाला उसने वेष देणाऱ्या त्या बर्फावरच्या मंडळीतच. पॉल कॅसल हा सुमारे साडेचार फूट उंचीचा, बर्फावर लीलया घसरणारा कलावंत १९६१ च्या सुमारास डिस्नेलँडमध्ये आला आणि पुढे पाव शतक मिकी झाला. उंचीमुळे अन्यत्र ज्याला नायकाची भूमिका कोणी दिली नसती, त्याला येथे त्याच उंचीने जगातील सर्वांत ओळखीचे पात्र मिळवून दिले. मात्र त्या पात्राच्या हजारो छायाचित्रांत त्याचा चेहरा कोठेच नाही.

येथपासून उद्यानातील भेटीचे शास्त्र तयार होत गेले. पात्रांचे दोन वर्ग पडले. हिमगौरी, सिंड्रेला अशी उघड्या चेहऱ्याची पात्रे बोलतात. मुलांनी विचारलेल्या आडव्यातिडव्या प्रश्नांना कथेला धरून उत्तर देतात. मुखवट्यातली पात्रे बोलत नाहीत. त्यांनी आनंद, लाज, रुसवा, कुतूहल हे सारे खांद्यांनी, गुडघ्यांनी आणि त्या जाड हातमोज्यांनी सांगावयाचे. सह्यांची वही पुढे आली तर प्रत्येक मिकीने अगदी एकसारखी सही करावयाची. त्यासाठी ती गिरवून घेतात. आज सकाळी एकाने केलेली सही आणि उद्या दुसऱ्याने केलेली सही यांत मुलाला फरक दिसता कामा नये. एकाच ठिकाणी दोन मिकी दिसू नयेत, लोकांसमक्ष मुखवटा कधीही उतरू नये, हे तर पहिले पाठ. फ्लोरिडातील उद्यानात २०१३ पासून २०१८ पर्यंत यंत्राच्या साहाय्याने बोलणारा मिकी ठेवला होता. नंतर तो पुन्हा मुका झाला. त्याचे फारसे वाईट वाटण्याचे कारण नाही. मुक्या मिकीशी मूल आपल्या भाषेत बोलते आणि उत्तरही आपणच ऐकते. बोलका मिकी फक्त इंग्रजीच बोलणार.

प्रारंभी ही भेट अवचित घडत असे. रस्त्याने जाताना गूफी समोर यावा, मुलाने धावत जाऊन त्याच्या पायाला मिठी मारावी, की झाले. फ्लोरिडातील उद्यान १९७१ मध्ये सुरू झाले आणि गर्दी वाढत गेली. १९८२ मध्ये तेथेच ‘एपकॉट’ नावाचे गंभीर प्रकृतीचे, विज्ञान आणि देशोदेशीच्या दर्शनाचे उद्यान उघडले. तेथे मिकीला मज्जाव होता. ज्ञानाच्या मंडपात उंदराचे काय काम, असा विचार. पण लोक ज्ञान पाहून झाल्यावर विचारू लागले, मिकी कोठे आहे? थोड्याच अवधीत त्याला आत घेण्यात आले. शहाण्यांचा बेत लहान मुलांनी हाणून पाडल्याचे हे उदाहरण वाचताना गंमत वाटते. १९८८ मध्ये मिकीच्या साठीनिमित्त फ्लोरिडात खास जागा बांधली गेली आणि १९९३ मध्ये ॲनाहाइमला ‘टूनटाऊन’ उघडले, तेथे तर मिकीचे घरच आहे. आता अवचित भेट मागे पडली. रांग आली, रांगेच्या शेवटी दार, दारामागे मिकी, आणि बाजूला पुढच्या कुटुंबाला हळूच पुढे करणारा सोबती. भेट एखाद-दोन मिनिटांची, वाट पाहणे तासाभराचे.

या रांगेचा कळस शांघायमध्ये झाला. तेथील डिस्नेलँडमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये लीनाबेल नावाची गुलाबी कोल्हीण आणण्यात आली. तिच्यावर चित्रपट नाही, तिची गोष्ट कोणी मोठ्या पडद्यावर पाहिलेली नाही. तरीही तिला भेटावयास लोक, आणि तेही बहुतांशी जाणते तरुण-तरुणी, तासन्‌तास उभे राहिले. पूर्वी कथा होती म्हणून भेट होती. येथे भेट हीच कथा झाली.

एवढ्यासाठी एवढा अट्टहास कशाला, असा प्रश्न एखाद्याला पडेल. व्यापार तर यात आहेच. सह्यांच्या वहीपासून कानांच्या टोपीपर्यंत सारे विकत घ्यावे लागते. पण व्यापारावर सगळे सोडून देता येत नाही. १९८० मध्ये ॲरिझोनात जीवघेण्या आजारांनी ग्रस्त मुलांच्या इच्छा पुरविणारी ‘मेक-अ-विश’ ही संस्था निघाली. तिच्या अगदी आरंभीच्या बालकांपैकी एकाने डिस्नेलँडची भेट मागितली होती, आणि तेव्हापासून अशी मुले तेथे येतच आहेत. अशा मुलासमोर वाकून बसणाऱ्या माणसाला मुखवट्याच्या आत काय वाटत असेल, ते बाहेर दिसण्याची सोय नाही. मिकीचे हसू बदलत नाही. आतल्या माणसाने रडावे की न रडावे, याचा बाहेर पत्ता लागत नाही.

येथे आपल्याकडील बहुरूप्याची आठवण होणे साहजिक आहे. तोही सोंग घेऊन दारी येई. कधी हवालदार, कधी साधू. पण त्याच्या कलेची सांगता ओळखले जाण्यात होती. घरधनी आधी फसला, मग हसला आणि ‘अरे, हा तर बहुरूपी!’ म्हणाला, की त्याची बिदागी ठरली. डिस्नेच्या उद्यानात हाच व्यवहार उलटा आहे. तेथे ओळखले जाणे हाच अपराध. ‘मी मिकीची भूमिका करतो’ असे या कलावंतांनी चारचौघांत सांगावयाचे नसते. ‘मी मिकीचा मित्र आहे’, असे म्हणण्याचा तेथील रिवाज. मुलांचा विश्वास जपण्यासाठी हा रिवाज योग्य आहे, हे कबूल करावे लागेल. पण त्याच रिवाजामुळे आतल्या माणसाचे कष्टही झाकले गेले, हेही तितकेच खरे.

आणि कष्ट थोडे नाहीत. फ्लोरिडाच्या दमट उन्हाळ्यात पाठीखांद्यावर ओझे, तोंडावर जाड आच्छादन, वाऱ्याला वाट नाही. थोड्या थोड्या वेळाने पडद्यामागे जाऊन मुखवटा उतरविल्याखेरीज निभाव लागत नाही. मुले मिठ्या मारतात, तसे काही दांडगट शेपटी ओढतात, ढकलतात. वेषाखाली घालावयाची अंतर्वस्त्रे तेथे कंपनीच पुरवीत असे. एकाने वापरलेली, धुऊन परत आलेली वस्त्रे दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वाट्याला येत. ती नीट धुतली जात नाहीत, त्यांपासून उवा आणि खरूज होते, अशी तक्रार कामगार संघटनेने लावून धरली. २००१ च्या करारात प्रत्येकाला आपापली वेगळी वस्त्रे मिळण्याचा आणि ती घरी नेऊन धुण्याचा हक्क मान्य झाला. जगातल्या सर्वांत लाडक्या पात्रांना स्वतःच्या गंजीफ्रॉकसाठी वाटाघाटी कराव्या लागल्या! फेब्रुवारी २००४ मध्ये तर त्याच उद्यानात प्लूटो कुत्र्याच्या वेषातला एक कलावंत पडद्यामागे मिरवणुकीच्या रथाखाली सापडून मरण पावला.

मार्च २०२० मध्ये महामारीने डिस्नेलँडचे दरवाजे बंद केले. ते ३० एप्रिल २०२१ रोजी पुन्हा उघडले, तेव्हा मिकी होता. पण दूर, कठड्यापलीकडे. मुले अंतरावरून हात हालवीत, तोही हालवी. म्हणजे पुन्हा १९५५ ची मिरवणूक झाली, पाहण्यापुरती. उद्यान, खेळ, दिवे, सारे होते तरी काहीतरी राहून गेल्यासारखे लोकांना वाटत राहिले. एप्रिल २०२२ मध्ये मिठी पुन्हा सुरू झाली, आणि तिची बातमी वृत्तपत्रांनी एखाद्या तहाची द्यावी तशी दिली.

महामारीनंतर ॲनाहाइमच्या या मुक्या पात्रांना कंठ फुटला. डिस्ने कंपनी पहिल्यापासून आपल्या नोकरांना नोकर म्हणत नाही. झाडूवाल्यापासून तिकीट फाडणाऱ्यापर्यंत सर्वांना ती आपली ‘नटमंडळी’ म्हणते. लोकांसमोरची जागा तेवढी रंगभूमी आणि बाकीची पडदामागची, अशीच तेथली भाषा. पण मिकी आणि गूफी होणाऱ्या, म्हणजे खरोखर नाटक करणाऱ्या ॲनाहाइमच्या मंडळींना नटांची संघटना नव्हती. तेथील इतर अनेक कामगार केव्हाच संघटित झाले होते. २०२४ मध्ये सुमारे १,७०० जणांनी नटांच्या ‘ॲक्टर्स इक्विटी’ या १९१३ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेत जाण्याचा प्रश्न मतास टाकला. मागण्या साध्या होत्या: योग्य वेतन, सुरक्षितता, कामाच्या पाळ्या ठरविण्यात उघडेपणा. १८ मे रोजी, शनिवारी, निकाल लागला. बाजूने ९५३, विरुद्ध २५८.

मत देणाऱ्यांत सगळेच मुखवटा घालणारे नव्हते. मिरवणुकीत नाचणारे त्यांत होते, नव्यांना शिकविणारे होते. आणि ज्याला जाळीतून समोरचे मूल दिसत नाही, त्याच्यासोबत चालत त्याला गर्दीतून वाट काढून देणारे सोबतीही होते.