आम्ही, खाली सह्या करणारे, दहावी ब

दिवाळीत घरी गेलो होतो. आईने माळा आवरायला बसवलं (आयटीतल्या मुलाचा घरी तेवढाच उपयोग), आणि जुन्या गाईडांच्या गठ्ठ्यात दोन फुलस्केप कागद सापडले. वर माझ्याच अक्षरात, लाल स्केचपेनने अधोरेखित केलेलं शीर्षक: 'दहावी ब : सन २०३३'.

लगेच आठवलं. फेब्रुवारी २०१३, शाळेचा निरोप समारंभ. नववीच्या मुलांनी दिलेलं गुलाबाचं फूल, कागदी प्लेटमध्ये एक समोसा आणि मोजून सहा वेफर्स, मुख्याध्यापकांचं 'तुम्ही उद्याचे नागरिक' वगैरे. त्याआधी मराठीच्या सरांनी मला सांगितलेलं, "तू काहीतरी गमतीचं लिही रे, नाहीतर सगळे रडत बसतील." म्हणून मी अख्ख्या वर्गाचं वीस वर्षांनंतरचं भविष्य लिहिलं. मॉनिटर ट्रॅफिक हवालदार झालाय आणि आम्हा सगळ्यांच्या पावत्या फाडतोय. प्रार्थनेला रोज उशिरा येणारी मुलगी रेल्वेची स्टेशनमास्तर झालीय, आणि तेव्हापासून गाड्यांचं काही खरं नाही. मी स्वतः नासात, पण तिथेही वही घरी विसरल्याने बाहेर उभा. बराच हशा झाला होता. पुढे कित्येक वर्षं मला वाटायचं, ही आयडिया माझीच.

कसली माझी! अमेरिकेत या प्रकाराला शंभराहून जास्त वर्षं झालीत. मला हे कळलं ते एका रिलीजच्या रात्री. डिप्लॉयमेंट अडकलेलं, टीम कॉलवर गप्प, आणि मी दुसऱ्या टॅबमध्ये इंटरनेट आर्काइव्हवर जुनी अमेरिकन इयरबुकं चाळत बसलेलो. (मॅनेजर हे वाचत नाहीत अशी आशा आहे.) विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतलं कुठल्याही गावातल्या हायस्कूलचं इयरबुक उघडा, फोटो आणि बेसबॉलच्या टीमनंतर दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे वर्गाचं भविष्य. आणि दुसरी त्याहून भारी, वर्गाचं मृत्युपत्र!

हे मृत्युपत्र अगदी वकिली भाषेत असतं. आम्ही, अमुक सालचा वर्ग, शुद्धीवर आणि पूर्ण विचारांती जाहीर करतो की... आणि मग वाटणी. आमची मागच्या रांगेतली बाकं अकरावीला. अमुकचा मोठा आवाज तमुकला, कारण त्याचा वर्गात ऐकूच येत नाही. आमच्या इतिहासाच्या वह्या ज्याला वाचता येतील त्याला. मालमत्तेत एकही वस्तू धड नाही, आणि विनोद तिथेच आहे. ज्याच्याकडे देण्यासारखं काही नाही तो मोठ्या थाटात वाटप करतोय.

तसा हा विनोद अमेरिकेचाही नाही. चौथ्या शतकातलं एक लॅटिन चोपडं आहे, 'टेस्टामेंटुम पोर्सेली', म्हणजे डुकराच्या पिल्लाचं मृत्युपत्र. आचारी सुरी घेऊन आलाय, पिल्लू म्हणतं, जरा थांब, मला मृत्युपत्र करायचंय. स्वतःला लिहिता येत नाही म्हणून ते तोंडी सांगतं आणि अवयव वाटून टाकतं. राठ केस चांभारांना, कान बहिऱ्यांना, जीभ वकिलांना, मूत्राशय पोरांना. हे चोपडं कोण वाचायचं माहितीये? शाळेतली मुलं! संत जेरोमने वैतागून लिहून ठेवलंय की पोरांच्या झुंडी शाळांमधून हे घोकतात आणि खिदळतात. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही मास्तर मागे वळले की बाकाखाली हेच चालू. जेरोमसारख्या गंभीर माणसाने तक्रार केली म्हणून आज आपल्याला ते कळतंय. तक्रार करणाऱ्यांचे इतिहासावर असे उपकार असतात.

पुढे पंधराव्या शतकात पॅरिसमध्ये फ्रान्स्वा व्हियों नावाचा कवी झाला. विद्यापीठाची पदवी १४५२ ची, आणि १४५६ च्या नाताळाच्या सुमारास एका कॉलेजची तिजोरी फोडण्यात सहभाग. (कॅम्पस प्लेसमेंट तेव्हाही अवघडच असावी.) त्याच सुमारास त्याने गाव सोडताना एक लांबलचक कविता लिहिली. ती म्हणजे निरोपाचं वाटपपत्रच: कापलेले केस न्हाव्याला, जुने जोडे चांभाराला. काही वर्षांनी त्याने 'मोठं' मृत्युपत्र लिहिलं. त्यात अंधांच्या आश्रमाला तो आपला चष्मा ठेवतो, तोही डबीशिवाय. १४६३ साली त्याला पॅरिसमधून हद्दपार केलं आणि त्यानंतर तो इतिहासातून गायबच होतो. विनोदाने लिहिलेलं मृत्युपत्र खरं ठरल्यासारखं.

भविष्यवाला भाग मात्र कॉलेजांच्या निरोपाच्या दिवसातून आला. हार्वर्डमध्ये पदवीआधी वर्गाचा एक दिवस असायचा, त्यात वर्गाचा वक्ता आणि वर्गाचा कवी. मान मोठा, पण नेहमीच नाही. १८२१ साली सहा जणांनी नकार दिल्यावर हे कवीपद एका मुलाकडे आलं, त्याचं नाव राल्फ वाल्डो इमर्सन. १८३८ चा कवी जेम्स रसेल लोवेल तर स्वतःच्याच समारंभाला नव्हता. कॉलेजने शिक्षा म्हणून त्याला कॉनकॉर्डला पाठवून दिलं होतं. कॉलेजातली ही पद्धत मग झिरपत हायस्कूलांत उतरली.

का उतरली, हे आकड्यांत दिसतं. १९०० साली अमेरिकेत सतरा वर्षांच्या मुलामुलींपैकी जेमतेम ६.४ टक्के हायस्कूल पूर्ण करत. १९४० साली हाच आकडा ५०.८ टक्के. चाळीस वर्षांत शंभरातल्या सहावरून पन्नासावर! क्लॉडिया गोल्डिन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी (२०२३ चं नोबेल त्यांचंच) या लाटेवर बरंच काम केलंय. म्हणजे शेतकऱ्याची, दुकानदाराची, गिरणी कामगाराची पोरं घराण्यात पहिल्यांदाच एखाद्या समारंभात गाऊन घालून उभी होती. पुढे काय होणार हे त्यांच्या आईबापांनाही ठाऊक नव्हतं, कारण घरात कुणी त्या वाटेने गेलेलंच नव्हतं. मग भविष्य लिहायचं तर गमतीनेच लिहावं लागतं. साचा ठरलेला: लेखक स्वप्नात किंवा जादूच्या गोळ्यात वीस वर्षं पुढे जातो आणि एकेक दोस्त भेटत जातो. कुणी सर्कशीत, कुणी सिनेटर, आणि मुलींची लग्नं कुणाकुणाशी याचा हिशोब. (बायकांच्या बाबतीत ही भविष्यं फारच कंजूष होती. माझंही फार वेगळं नव्हतं. स्टेशनमास्तर सोडली तर माझ्या निम्म्या मुली 'सासरी सुखी'.)

बर्कलेच्या संशोधकांनी २०१५ साली अशा इयरबुकांतले १९०५ पासूनचे सुमारे ३८ हजार फोटो घेऊन दर दशकाचा एक सरासरी चेहरा बनवला. दशकागणिक चेहरा जास्त जास्त हसत जातो. मला तो पेपर भयंकर आवडतो, पण एक गोष्ट राहून राहून टोचते. सरासरीत फक्त ज्यांचा फोटो आहे तेच येतात.

भविष्याचंही तेच आहे. थॉर्नटन वाइल्डरच्या 'अवर टाउन' या १९३८ च्या नाटकात पहिल्याच अंकात पेपर टाकणारा एक मुलगा येतो, जो क्रॉवेल. सूत्रधार प्रेक्षकांना तिथल्या तिथे सांगून टाकतो की हा वर्गात पहिला येणार, मॅसॅच्युसेट्सच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटची शिष्यवृत्ती मिळवणार, मोठा इंजिनिअर होणार होता, आणि महायुद्धात फ्रान्समध्ये मेला. वर्गाचं भविष्य उलटं वाचलं की असं दिसतं. मी ते पुण्याला परतताना बसमध्ये वाचत होतो. पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो.

आणि काही जणांना त्या यादीतूनच काढलं गेलं. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत टाकायला सुरुवात झाली. एकूण सुमारे १ लाख २० हजार माणसं, त्यातले दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक. ऐन वसंतात, म्हणजे निरोप समारंभांच्या तोंडावर. त्या वर्षी बर्कले विद्यापीठाचं सर्वोच्च पदक हार्वी इटानो या विद्यार्थ्याला मिळालं. समारंभाला तो नव्हता, तो छावणीत होता. अध्यक्षांनी व्यासपीठावरून सांगितलं की देशाने त्याला दुसरीकडे बोलावलंय. हे ऐकून हसावं की रडावं? पुढे १९४९ साली लायनस पॉलिंगबरोबरच्या त्याच्या संशोधनातून सिद्ध झालं की सिकलसेल हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बिघाडाचा आहे. आपल्याकडे गडचिरोली-नंदुरबारात सिकलसेलची तपासणी होते, तिच्या मुळाशी हे काम आहे. कुठल्या वर्गाच्या भविष्यात हे बसलं असतं?

छावण्यांतही शाळा निघाल्या, आणि शाळा म्हटली की इयरबुक आलंच. कॅलिफोर्नियातल्या मॅन्झनारच्या हायस्कूलचं १९४३-४४ चं इयरबुक 'अवर वर्ल्ड' मी पानन् पान पाहिलंय. खेळाडू, नाटकवाले, मुलामुलींचे नीट भांग पाडलेले फोटो. एखाद्या साध्या गावातल्या शाळेचंच वाटावं. तिथे तोयो मियाताके नावाचे फोटोग्राफर होते. कॅमेऱ्याला बंदी, म्हणून त्यांनी एक भिंग चोरून आत नेलं आणि लाकडाचा कॅमेरा बनवला. पुढे त्यांना अधिकृतपणे फोटो काढू दिले. त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, तिथल्या हायस्कूलच्या इयरबुकातला: काटेरी तार, आणि ती कापायला पुढे आलेला पक्कड धरलेला एक हात. बस. भविष्य सांगायला त्यांना दोन फुलस्केप लागले नाहीत.

आता माझ्या दोन फुलस्केपांकडे येतो. त्यात मी नावं मोजली. (सवय, दुसरं काय. इनपुट आणि आउटपुटचे रेकॉर्ड जुळतात का बघायचं.) एक्केचाळीस. आमच्या वर्गाचा पट होता बेचाळीस. पुन्हा मोजली, मग रोल नंबरने लावली. सत्तावीस गायब.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली. ज्यांना बीड माहीत आहे त्यांना पुढचं कळलं असेल. दसरा झाला की गावं निम्मी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि ट्रकमध्ये भांडीकुंडी, म्हातारी, पोरंसोरं घालून सगळे साखर कारखान्यांकडे. सत्तावीस नंबर दरवर्षी असाच जायचा आणि उन्हाळ्यात परत यायचा. दहावीला जाताना "परीक्षेला येतो" म्हणाला होता. नाही आला. मी फेब्रुवारीत लिहायला बसलो तेव्हा वर्गात नजर टाकून, रांगेने एकेक बाक बघत लिहिलं. जो बाकावर नव्हता तो २०३३ मध्येही नव्हता. मुद्दाम वगळलं असतं तर निदान आठवण तरी राहिली असती. मला बारा वर्षांत एकदाही ते जाणवलं नाही. आणि ऐकताना हसणाऱ्या एक्केचाळीस जणांनाही नाही, सरांनाही नाही.

मॅन्झनार आणि ऊसतोड यांची तुलना करायची नाहीये मला. तिथे बंदुका होत्या, इथे उचल होती. पण वर्गात मागे राहिलेलं रिकामं बाक दोन्हीकडे सारखंच दिसत असावं.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. आधी तीन 'कोण रे?' आले, मग एकाने नंबर टाकला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फोन केला. मागे प्रचंड आवाज. तो आता कोल्हापूरकडे ऊसतोडणीचं यंत्र चालवतो. एक यंत्र किती कोयत्यांचं काम करतं ते त्याने मला फार रंगून सांगितलं, ब्लेड कधी बदलायचं, ओल्या फडात ते कसं रुततं, सगळं. त्याचे आईवडील आता गावीच असतात. ओळख लगेच पटली होती. "तू वहीत रॉकेट काढायचास तो ना?" म्हणाला.

मग मी कागद सापडल्याचं सांगितलं. समारंभ कसा झाला, मॉनिटरच्या पावत्या, स्टेशनमास्तर. तो खूप हसला. आणि मग विचारलं, "माझं काय लिहिलं होतंस रे?"

कागद माझ्या हातातच होते. म्हटलं, "अरे, ते पुण्याला राहिलेत. बघून सांगतो."