सुतळीची तजवीज

इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरी १९०२ साली उदयास आलेल्या स्टर्मी-आर्चर घराण्यातील, १९३६ च्या सुमाराचा ‘ए. डब्ल्यू.’ हा सायकलच्या मागच्या चाकाचा तीन गतींचा हब मला विशेष आदरणीय वाटतो. कारण गतिपालटाची तार वाटेत तुटली, की आतील स्प्रिंग त्यास मधल्या गतीहून एक-तृतीयांशाने जड अशा गतीवर नेऊन ठेवते, आणि चढावर स्वारास दम लागला तरी मार्ग सर्वस्वी खुंटत नाही. अशा प्रसंगी आसातून डोकावणारी बारीक साखळी बोटांनी ओढून मागच्या दांडीस सुतळीने आवळली, की हलकी गती हाती येते. मात्र मधल्या गतीपुरती ओढून बांधलेली गाठ किंचित सैल पडली, तर पेडल निराधार फिरते व उभ्याने रेटणारा स्वार आपटतो. म्हणून साखळी पुरतीच ओढावी.