राक्षस, म्हातारी आणि नावडती: लोककथांत तीच पात्रं पुन्हा पुन्हा का भेटतात?

नांदुऱ्यात महामार्गालगत मारुतीची 105 फुटी मूर्ती आहे. नायक म्हटलं की असाच बलवान वीर आठवतो. आजीच्या गोष्टींत मात्र अनेकदा घरातलं सगळ्यात दुबळं माणूस जिंकतं.

नावडती: श्रावणातल्या शिवामुठीच्या कहाणीत राजाला चार सुना. तिघी आवडत्या, एक नावडती. तिच्या वाट्याला उष्टं अन्न आणि गुरं राखायचं काम. रानात भेटलेल्या नागकन्या-देवकन्या तिला व्रत सांगतात आणि शेवटी मान तिलाच मिळतो.

म्हातारी: लेकीकडे निघालेली म्हातारी वाघ-कोल्ह्याला गोड बोलून थोपवते, परतताना भोपळ्यात बसून येते. अंगात बळ नाही, पण अक्कल आहे.

राक्षस: याचा जीव दूर पिंजऱ्यातल्या पोपटात. रशियातल्या कोश्चेईचं मरण सुईच्या टोकावर. सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशाच्या पोटात!

धाकटा: रशियन गोष्टींत थोरले भाऊ ज्याला हसतात, तो 'वेडा इव्हान'च राजकन्या मिळवतो.

रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 मध्ये जादूच्या कथांमधल्या सात भूमिका मांडल्या: नायक, खलनायक, दाता, मदतनीस, राजकन्या, पाठवणारा आणि तोतया नायक. नावं बदलतात, कामं तीच राहतात. त्यामुळे गोष्ट तोंडपाठ राहते.

'नावडतीचं मीठ अळणी' ही म्हण घराघरांत खरी ठरत होती. कहाणी ऐकणाऱ्या बायकांमध्येही एखादी नावडती असायचीच. निदान गोष्टीत तरी तिला न्याय मिळायचा.