घराचा भाव आणि घराचा कागद

वसईत राहणाऱ्या माणसाने करारांवर बोलायचं म्हणजे सुरुवात किल्ल्यापासून करावी लागते. इतिहासाच्या पुस्तकांत आमच्या गावाचं नाव येतं ते मुख्यतः तहांमुळे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली, कारण हुमायूनची धास्ती होती. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. पुणं हातचं गेलेलं, स्वतः पळून आलेला. मधे १७३९ चा मे महिना आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेने वेढा घालून किल्ला टेकीला आणला, तरी पोर्तुगिजांना मानाने बाहेर पडायच्या अटी मिळाल्या. का मिळाल्या? कारण सही होईपर्यंत किल्ला त्यांच्याच ताब्यात होता.

म्हणजे वाटाघाट गोड बोलण्यावर चालत नाही. सही करताना आपल्या हातात काय शिल्लक आहे, त्यावर ती चालते. आज घरखरेदीचा इतिहास आपण या एकाच नजरेने पाहू.

आमचंच उदाहरण घ्या. १९८७ साली आम्ही गिरगावातली चाळीतली खोली सोडून वसई रोडला फ्लॅट घेतला. त्या काळी आमच्यासारखे कितीतरी लोक रविवारी विरार लोकलने येऊन, चिखल तुडवत अर्धवट इमारती बघत फिरायचे. बिल्डरच्या ऑफिसात आम्ही दोन तास घासाघीस केली आणि चौरस फुटामागे दहा रुपये कमी करून घेतले. ५४० चौरस फुटांवर ५,४०० रुपये वाचले! इसार देऊन, पेढे घेऊनच घरी गेलो. करारनामा महिनाभराने आला. इंग्रजीत, चाळीस पानं. वकील म्हणाले, "सगळीकडे असाच असतो." आम्ही प्रत्येक पानावर सही केली.

ताबा मिळाल्यावर मेहुण्यांनी टेप लावून मोजलं. भिंतींच्या आत ३९० चौरस फूट भरले. उरलेले १५० जिन्यात, भिंतींत, आणि कुठे कुठे होते ते देव जाणे.

आता १८७२ चा भारतीय करार कायदा बघा. त्याचं १३ वं कलम संमती म्हणजे काय ते सांगतं: दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने होकार देणं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हे कलम वर्षानुवर्षं शिकवलं. आणि स्वतःच्या घराच्या वेळी? बिल्डर म्हणत होता 'फूट', आम्ही म्हणत होतो 'फूट', पण अर्थ दोन होते. ज्या आकड्यावर घासाघीस झाली, त्याचा अर्थच ठरलेला नव्हता.

हे सरकारला कळत नव्हतं असं नाही. घरांची टंचाई आणि त्यातून होणारे गैरप्रकार पाहून महाराष्ट्राने १९६३ साली ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा केला, तोच आपला 'मोफा'. ठरावीक मर्यादेपलीकडे पैसे घेण्याआधी लेखी करार करून त्याची नोंदणी करा, सोसायटी स्थापन करा, आणि जमीन-इमारतीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावे करून द्या, असं त्यात होतं. पण आमच्या करारात बारीक अक्षरात लिहिलं होतं की कन्व्हेयन्स 'संपूर्ण प्रकल्प पूर्ण झाल्यावर'. प्रकल्प काही पूर्ण होईना. वीस वर्षं आमचं घर आमचं आणि जमीन दुसऱ्याची! २००८ च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरणा'ची वाट मिळाली, तेव्हा कुठे मार्ग निघाला. आज आमची इमारत जुनी झाली आहे. पुनर्विकासाची बोलणी करायला बसलो, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला: जमीन कोणाच्या नावावर? ते ५,४०० रुपये कोणाला आठवत नाहीत, त्या एका ओळीने मात्र वीस वर्षं खाल्ली.

पुढे २०१६ चा रेरा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचं काम सुरू झालं. त्याने काय केलं? जी घासाघीस ग्राहकाला कधी जमलीच नाही, ती कायद्याने आपल्या अंगावर घेतली. कार्पेट क्षेत्राची एकच व्याख्या केली. नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर ५ वर्षं बिल्डरवर राहते. आणि उशिराचं व्याज दोन्ही बाजूंना सारख्याच दराने. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात ग्राहकाला उशीर झाला तर १८ टक्के आणि बिल्डर चुकला तर ९ टक्के, असा करार होता. अशा एकतर्फी अटी ग्राहकावर बंधनकारक नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं.

कोणी म्हणेल, हे कराराच्या स्वातंत्र्यावर आक्रमण आहे. आम्हाला तसं वाटत नाही. ज्याच्यापुढे छापील कागद आणि पेन एवढंच ठेवलेलं आहे, तो कुठलं स्वातंत्र्य गमावतो?

पण कायदा पुरा पडतो असंही नाही. नालासोपाऱ्यातल्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या. २०२५ च्या सुरुवातीला ते काम संपलं. त्या जमिनीवर सांडपाणी केंद्राचं आरक्षण होतं. तिथल्या कुटुंबांनीही भाव केलाच असेल की. पण विकणाऱ्याकडे जे विकायला नव्हतंच, त्याचा भाव कितीही कमी केला तरी काय उपयोग?

म्हणून तरुण मंडळींना आम्ही एवढंच सांगतो. आपला किल्ला म्हणजे खिशातला इसार. तो देण्याआधी कराराचा मसुदा मागा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बांधकाम परवानगी आणि महारेराचा क्रमांक बघा, कार्पेट किती आणि कन्व्हेयन्स कधी ते लिहून घ्या. भावाचं नंतर बोला. मसुदा दाखवायला कोणी कां-कूं केली तर उठून या. आम्ही उठलो नव्हतो. पेढे आणायची घाई होती.