आकार की अक्षर? टाइपरायटर ते युनिकोड : मराठी टंकलेखनाची गोष्ट

आजचा विषय अगदी आपल्या बोटांखालचा आहे. मराठी यंत्रावर कशी उमटते, संगणकात कशी साठवली जाते आणि वीस वर्षांनी शोधायला गेलो तर ती सापडते की नाही, हे आपण बघणार आहोत. उदाहरणं शक्यतो नागपूरची घेऊ. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्या राज्याच्या भाषा होत्या. लिपी एक, भाषा दोन. एकाच कळफलकावर दोन भाषा बसवताना काय सुटतं, हे या शहरातून चांगलं दिसतं.

सुरुवातीला एकच शब्द घेऊ : ‘विदर्भ’. तो म्हणून बघा. आधी व, मग इ, मग द, मग र आणि शेवटी भ. आता तोच शब्द कागदावर बघा. वेलांटी ‘व’च्या आधी उभी आहे. ‘र’ तर रफार होऊन थेट ‘भ’च्या डोक्यावर जाऊन बसला आहे. म्हणजे कानाचा क्रम वेगळा आणि डोळ्याचा क्रम वेगळा. हातानं लिहिताना याचा त्रास होत नाही. यंत्राला मात्र विचारावं लागतं : बाबा, तू कोणाचं ऐकणार, कानाचं की डोळ्याचं? आजच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या प्रश्नात आहे.

छापखान्यातला जुळारी डोळ्याचं ऐकत असे. जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत टाइपांचा कारखाना काढला आणि पुढे त्यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपाला देशभर मान मिळाला. जुळाऱ्यासमोर खिळ्यांचे खण असत. जोडाक्षरांचे वेगळे, मात्रा लागलेल्यांचे वेगळे. खण वाढले तर जागा वाढवायची, एवढंच. टाइपरायटरला ही सोय नव्हती. त्याला कळा पन्नासच्याही आत आणि प्रत्येक कळीवर वर-खाली मिळून दोन आकार. एवढ्यात अख्खी देवनागरी बसवायची होती.

ती कशी बसवली, तर अक्षरं मोडून. देवनागरीतल्या पुष्कळ अक्षरांना शेवटी उभा दांडा असतो. तो काढला की अर्धं अक्षर मिळतं. मग कळीवर अर्धा भ ठेवायचा आणि पूर्ण भ हवा असेल तर पुढे काना मारायचा. व्याकरणाच्या दृष्टीनं त्या दांड्याचा ‘आ’शी काही संबंध नाही, पण यंत्राच्या दृष्टीनं रेघ ती रेघ. वेलांटी दिसते आधी, म्हणून दाबायचीही आधी. असा हा रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक. १९५५ पासून गोदरेजचे देशी टाइपरायटर बाजारात आले. सरकारी नोकरीसाठी मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा हा गावोगावच्या मुलामुलींचा हमखास मार्ग झाला. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बोटांना जे वळण लागलं, त्यावर कित्येक घरं चालली. हे आपण लक्षात ठेवू, कारण पुढे याच वळणाशी सगळ्यांना तडजोड करावी लागली.

यंत्र लिपीला पुरत नाही म्हटल्यावर लिपीच यंत्राला पुरेल अशी करावी, असंही सुचलं. १९५३ साली लखनौच्या लिपीसुधारणा परिषदेनं शिफारस केली की ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लिहावी. लोकांच्या पचनी ते पडलं नाही आणि काही वर्षांत बारगळलं. केरळात मात्र तसं झालं नाही. तिथे मल्याळम लिपीत जोडाक्षरांचा पसारा आपल्याहूनही मोठा. १९७१ साली तिथल्या सरकारनं सुधारित लिपी लागू केली. जोडाक्षरं फोडली, उकाराच्या खुणा अक्षरापासून सुट्या केल्या आणि लिपी टाइपरायटरवर बसती केली. पिढीच्या पिढी शाळेत ती नवी लिपी शिकली. एका यंत्राच्या कळा कमी पडतात म्हणून एका भाषेच्या मुलांचं अक्षर बदललं, हे आपण जरा थांबून लक्षात घ्यायला हवं.

आता संगणकाकडे येऊ. १९९०च्या दशकात डीटीपीची दुकानं निघाली आणि मराठी फॉन्ट आले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, ही नावं आपल्यातल्या अनेकांना पाठ असतील. यांतला कृतिदेव हिंदी मुलखात प्रचंड पसरला, आणि नागपूर त्या मुलखाच्या उंबरठ्यावर. या फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणकाला फक्त इंग्रजी अक्षरं कळत. मग इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार काढून ठेवायचा. कृतिदेवमध्ये ‘विदर्भ’ टाइप करताना आपण प्रत्यक्षात दाबतो : छोटा एफ, छोटा ओ, छोटा एन, मोठा एच, छोटा के, मोठा झेड. एफ म्हणजे वेलांटी, ओ म्हणजे व, एन म्हणजे द, मोठा एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे तो काना आणि मोठा झेड म्हणजे रफार. टाइपरायटरची रीत जशीच्या तशी संगणकात उतरली. टंकलेखकाचं बोट चुकलं नाही, काम थांबलं नाही. त्या काळाचा विचार केला तर ही सोय लहान नव्हती.

पण फाइलमध्ये साठलं काय? सहा इंग्रजी अक्षरं. ‘विदर्भ’ हा शब्द त्या फाइलमध्ये नाहीच. फॉन्ट काढून घेतला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी उरतं. दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला तर तिसरंच काही दिसतं. शब्द शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही. गंमत बघा, शंभर वर्षांपूर्वीचं छापील मासिक आपण आज उघडून वाचू शकतो. १९९८ सालची स्मरणिका मात्र एखाद्या सीडीवर असूनही मिळत नाही, कारण ती ज्या फॉन्टात होती तो फॉन्ट असलेला संगणक भंगारात गेला. यात गेल्या त्या काही फक्त लग्नपत्रिका नव्हत्या. संस्थांचे अहवाल, जिल्ह्याच्या याद्या, प्रबंध, लहान प्रकाशकांची पुस्तकं, असा सगळा ऐवज यात आहे.

त्याच सुमारास दुसरीकडे कानाचं ऐकणारी माणसं काम करत होती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावानं पुढे गेलं. त्यातून ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली आणि ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक रुळला. इस्कीला १९९१ साली भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. यामागचा विचार असा की आकार साठवू नका, अक्षर साठवा. व, इकार, द, र, हलन्त, भ : उच्चाराचा क्रम तोच साठवणीचा क्रम. वेलांटी कुठे काढायची आणि रफार कुठे चढवायचा, ते संगणक आणि फॉन्ट बघून घेतील. ब्राह्मीतून आलेल्या आपल्या लिप्यांची वर्णमाला जवळपास एकच असल्यानं कळफलकही एकच ठेवता आला.

ऑक्टोबर १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. देवनागरी ‘क’चा संकेत ०९१५, मल्याळम ‘क’चा ०डी१५. शेवटचे दोन आकडे सारखे. इनस्क्रिप्टवर दोन्ही ‘क’ इंग्रजी के याच कळीवर. नागपुरात वाढलेल्या एखाद्या मल्याळी मुलीनं मराठी इनस्क्रिप्ट शिकून घेतलं, तर आजीला मल्याळममध्ये पत्र लिहायला तिला बहुतेक कळा पुन्हा शिकाव्या लागत नाहीत. आणि केरळात जी जुनी जोडाक्षरं टाइपरायटरपायी गेली होती, ती नव्या फॉन्टांनी परत आणली. १९९९ पासून ‘रचना’ या गटानं त्यासाठी मोठं काम केलं. यंत्रानं लिपीपुढे वाकायचं, हे आता जमू लागलं होतं.

आपल्याकडे हे घरोघरी यायला मात्र वेळ लागला. विंडोज २०००बरोबर ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट आला. तो घडवला सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. मल्याळमचा ‘कार्तिका’ हा फॉन्टही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाला. पण विंडोज एक्सपीवर भारतीय भाषा चालू करायला मूळ सीडी घालून वेगळी सोय बसवावी लागे, आणि ती सीडी ऑफिसात कोणाकडे असेल तर शपथ. शिवाय बोटांचं काय? पंधरा वर्षं रेमिंग्टनवर घालवलेल्या माणसाला ‘उद्यापासून इनस्क्रिप्ट’ म्हणणं सोपं नसतं. यावर तोडगा निघाला : कळा रेमिंग्टनच्या, साठवण युनिकोडची. बोट डोळ्याच्या क्रमानं चालतं, आतली प्रणाली ते कानाच्या क्रमात लावून घेते.

आता खास मराठीचे प्रश्न. हिंदीच्या शेजारी राहून सोय होते तशी गैरसोयही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या कागदांत याहून जास्त वेळा येणारे शब्द थोडेच असतील. यातला तो आडवा अर्धा र हिंदीत नाही. युनिकोडमध्ये तो लिहायचे दोन मार्ग आहेत : खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य, किंवा साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. दिसायला दोन्ही सारखे, साठवायला वेगळे. साध्या शोधात एक लिहिला तर दुसरा हाती लागेलच असं नाही. आणि यातलं काहीच माहीत नसलेला माणूस ‘शेतकर्यांना’ लिहून मोकळा होतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक मराठी शाळेत शिकवतात. तो संगणकावर टिकवणं आता आपल्या बोटांवर आहे.

दुसरं उदाहरण ‘ॲड.’ हे. उच्च न्यायालयाचं खंडपीठ असलेल्या या शहरात ही पाटी पावलोपावली दिसते. युनिकोडमध्ये आधी फक्त हिंदी धाटणीचा, ‘ए’वर चंद्र असलेला ऍ होता. मराठी पद्धतीचा, ‘अ’वर चंद्र असलेला ॲ स्वतंत्र संकेतासह, म्हणजे ०९७२ या क्रमांकावर, आला तो २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत. योगायोग असा की मल्याळममधली ‘चिल्लु’ नावाची, स्वर नसलेली व्यंजनं याच आवृत्तीत स्वतंत्र झाली. दोन दूरच्या भाषांची अडलेली अक्षरं एकाच वर्षी सुटली. ती आपोआप सुटत नाहीत. कोणीतरी पुराव्यांसह प्रस्ताव लिहावा लागतो, हरकतींना उत्तरं द्यावी लागतात.

तिसरी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची. मराठी वळण आणि हिंदी वळण वेगळं, पण संकेत एकच. फरक फक्त फॉन्टात. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयानं मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली. इथे आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळतं. अक्षर कोणतं, हे संकेत सांगतो. ते दिसावं कसं, हे फॉन्ट सांगतो. ही दोन कामं वेगळी झाली, हाच खरा बदल. नाहीतर ‘नागपूर’ आणि हिंदीतलं ‘नागपुर’ यांतला फरक मात्र संकेताचाच आहे, तो कोणताही फॉन्ट भरून काढू शकत नाही.

मग आता आपण करायचं काय? ज्यांच्या घरी, संस्थेत, वाचनालयात जुन्या फॉन्टातल्या फाइली आहेत त्यांनी त्या टाकू नयेत. फाइल ठेवा, कोणत्या फॉन्टात आहे ते नावासकट लिहून ठेवा, शक्य असेल तर छापील प्रत जवळच ठेवा. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यानंतर एकदा माणसाच्या डोळ्याखालून मजकूर जायलाच हवा. रफार आणि वेलांट्या तिथेच घसरतात. निर्णयसागरचा खिळा झिजला तरी कागद उरला होता. आपल्या या मधल्या वीस वर्षांचा मजकूर उरेल की नाही, हे अजून ठरायचं आहे, आणि ते ठरवणारी माणसं या सभागृहातच बसलेली आहेत.

आता आपण प्रश्नांकडे वळू.