गॅरंटी, वॉरंटी आणि वरचे अकरा दिवस

‘गॅरंटी’ हा शब्द इंग्रजी आहे असे सांगितले, तर आपल्याकडच्या निम्म्या लोकांना ते पटणार नाही, इतका तो घरचा झाला आहे. ‘आज लोकल लेट, गॅरंटी!’, ‘हा पोरगा नापास होणार, गॅरंटी!’, ‘पाहुणे जेवायच्या वेळेलाच येणार, गॅरंटी!’ गंमत अशी, की आपण ज्या गोष्टींची छातीठोक गॅरंटी देतो त्या बहुतेक वाईटच असतात. चांगल्या गोष्टीची गॅरंटी मागून पाहा. साडीच्या रंगाची मिळत नाही, आंब्याच्या पेटीतल्या खालच्या थराची मिळत नाही आणि एकदा विकलेला माल तर परत घेतलाच जात नाही. तशी पाटीच असते. तिच्यावर लिंबू-मिरची टांगलेली असते, म्हणजे तिला कोणाची दृष्ट लागू नये.

मी बँकेतला माणूस. त्यामुळे या शब्दाशी माझा संबंध पोटापाण्याचा. 1872च्या करार कायद्याचे 126वे कलम सांगते, की गॅरंटीच्या व्यवहाराला तीन माणसे लागतात. मी ती अशी लक्षात ठेवली आहेत : पैसे देणारा, पैसे घेणारा आणि पस्तावणारा. तिसऱ्याला आम्ही जामीन म्हणतो. तेव्हा दुकानदार स्वतःच्याच मालाविषयी जी हमी देतो ती कायद्याने गॅरंटी नव्हेच, ती वॉरंटी. 1930च्या मालविक्री कायद्यात तिची स्वतंत्र व्याख्या आहे. पण हा फरक बी.कॉम.च्या परीक्षेत पाच मार्कांना येतो आणि पेपर टाकून बाहेर पडले, की माणूस तो विसरतो.

मलाही तो पुन्हा आठवला नसता. परंतु आमच्या चिरंजीवांचा लॅपटॉप वारला.

लॅपटॉप साधा नव्हे, गेमिंग लॅपटॉप. चिरंजीव अ‍ॅनिमेशन शिकतात. त्या अभ्यासाला आणि खेळाला एकच यंत्र लागते, हा योगायोग त्यांनी मला फार गंभीरपणे समजावून सांगितला. किंमत ब्याण्णव हजार. चोवीस हप्ते. यंत्राच्या कीबोर्डाखालून सात रंगांचे दिवे लागत आणि त्याचा पंखा असा घोंगावे, की शेजारच्या काकूंनी एकदा ‘नवी पिठाची गिरणी का?’ म्हणून चौकशी केली होती. बारा महिने सगळे सुरळीत गेले. मग एका रात्री दिवे गेले, पंखा थांबला आणि घरात विलक्षण शांतता पसरली. खरेदी करून एक वर्ष आणि अकरा दिवस झाले होते. वॉरंटी होती एक वर्षाची.

कंपनीच्या सेवा केंद्रात (कंपनीचे नाव कशाला?) एका मुलीने हसतमुखाने सांगितले, "सर, मदरबोर्ड गेलाय. पूर्ण बदलावा लागेल. छप्पन्न हजार."

"अहो, पण अकराच दिवस झालेत!"

"हो सर. सिस्टीममध्ये दिसतंय तसं," ती म्हणाली. त्यांच्या सिस्टीमला सगळे दिसते. वाटत मात्र काही नाही.

तीन आठवड्यांनी चिरंजीवांना शेवटच्या वर्षाची फिल्म सादर करायची होती. ती अर्धी करून त्याच यंत्रात ठेवलेली. सौ. म्हणाल्या, "अहो, यंत्र गेलं तर हप्ते तरी थांबतील ना?" बावीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या बायकोने हे विचारावे! तारण मरते, कर्ज मरत नाही. हेच तर आमच्या धंद्याचे वेदान्त आहे.

त्या तीन आठवड्यांत रात्री झोप नव्हती, म्हणून मी वॉरंटीचा इतिहास वाचून काढला. वाचून पैसे परत मिळाले नाहीत, पण आपण एकटे नाही हे कळले.

आपला सगळ्यांत जुना नातेवाईक नन्नी नावाचा गृहस्थ. हा इसवी सनापूर्वी सुमारे 1750मध्ये इराकच्या दक्षिणेला होऊन गेला. त्याने ऊर शहरातल्या एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याकडे तांब्यासाठी पैसे दिले. माल आला तो निकृष्ट. नन्नीने ओल्या मातीच्या पाटीवर खिळ्यासारख्या अक्षरांत खरमरीत पत्र कोरले : चांगला माल देतो म्हणालास आणि भलताच दाखवलास, शत्रूच्या मुलखातून माझी माणसे पाठवली त्यांना रिकाम्या हाताने परत लावलेस, यापुढे एकेक लगड मी स्वतः निवडून घेईन. आज ती पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि जगातली सर्वांत जुनी ग्राहक-तक्रार म्हणून तिची ख्याती आहे. उत्खननात ज्या घरात ती सापडली तिथे अशाच आणखीही तक्रारी निघाल्या. म्हणजे एआ-नासिरने तक्रारी नीट जपून ठेवल्या होत्या. निवारण झाले की नाही, ते पाटीवर नाही. मी कंपनीला मेल पाठवला तेव्हा ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे उत्तर आले. परंपरा ती हीच.

त्याच सुमारास शेजारच्या बाबिलोनमध्ये हम्मुराबी राजाने आपले कायदे उंच काळ्या दगडावर कोरून घेतले. तो दगड आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातले 235वे कलम वाचून मी अंथरुणात उठून बसलो. नावाड्यासाठी बांधलेली नाव त्याच वर्षात कच्ची निघाली, तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या खर्चाने उकलून पुन्हा मजबूत करून द्यावी! म्हणजे ‘एक वर्षाची वॉरंटी, सुट्या भागांसह’ ही कल्पना पावणेचार हजार वर्षांची आहे. एवढ्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, पण वर्षाचे सव्वा वर्ष काही झाले नाही. घर बांधणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक. घर पडून मालक मेला, तर बांधणाऱ्याला देहदंड. हे कलम आपल्याकडे लागू केले, तर कित्येक बिल्डरांच्या जाहिराती एकदम नम्र होतील.

रोमन लोक व्यवहारी. त्यांच्याकडे बाजारावर देखरेख करणारे अधिकारी असत. गुलाम किंवा ओझ्याचे जनावर विकताना त्यातला दोष आधी सांगावा लागे. लपवलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला सहा महिन्यांत माल परत करून पैसे मागता येत. माणसे विकण्याच्या बाजारात हा न्याय चालावा, यात विनोद शोधायला जाऊ नये. विकल्या जाणाऱ्याला विचारणारा कायदा तिथे नव्हता.

पुढे इंग्रजांनी हा गाडा उलटा फिरवला. 1603मध्ये लंडनच्या एका सोनाराने एकाला शंभर पौंडांना ‘बेझोआर’ विकला. हा जनावराच्या पोटात सापडणारा खडा. त्याने विष उतरते अशी समजूत होती. खडा खोटा निघाला. गिऱ्हाईक कोर्टात गेले. न्यायाधीश म्हणाले, सोनाराने खडा खरा आहे असे नुसते सांगितले. ‘मी हमी देतो’ असे म्हटले नाही. सबब दावा चालणार नाही! दुकानातल्या पोराने ‘सर, मख्खन चालतो, दहा वर्षं बघायला नको’ म्हटले होते ते मला आठवले. तेही सांगणेच होते. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, हे तत्त्व तिथून रुळले आणि आपल्या 1930च्या कायद्याच्या 16व्या कलमातही, अपवादांची ठिगळे लावून का होईना, येऊन बसले.

ही कोंडी फोडणाऱ्यांत एक बाई होती. कॉमर्सच्या कुठल्याही पदवीधराला अर्ध्या झोपेत विचारा, तो ‘कार्लिल’ हे नाव सांगेल. 1891मध्ये लंडनच्या एका कंपनीने जाहिरात दिली, की आमचा धुराचा चेंडू सांगितल्याप्रमाणे हुंगूनही ज्याला फ्लू होईल त्याला शंभर पौंड देऊ. सचोटीचा पुरावा म्हणून हजार पौंड बँकेत ठेवले आहेत. कार्लिलबाईंनी दिवसातून तीनदा चेंडू हुंगला आणि जानेवारी 1892मध्ये त्यांना फ्लू झाला. कंपनी म्हणाली, जाहिरात ती जाहिरात, ती कोण मनावर घेतो? त्याच वर्षी डिसेंबरात अपील कोर्टाने सांगितले, की बाईंनी घेतली, पैसे काढा. बाई पुढे 1942पर्यंत, शहाण्णव वर्षे जगल्या. एका बँकर म्हणून मला सगळ्यांत कौतुक त्या हजार पौंडांचे वाटते. शब्दाला किंमत आली ती बँकेत ठेव असल्याचे सांगितल्यामुळे!

आपल्याकडे ग्राहकाला ‘गिऱ्हाईक’पदावरून वर काढण्याचे काम आधी चळवळीने केले, मग सरकारने. पुण्यात 1974मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, 1975मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. 24 डिसेंबर 1986ला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा 2019च्या कायद्याने घेतली आणि आता राहत्या गावाच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही या कायद्याने अनुचित प्रथा ठरली आहे. म्हणजे ती लिंबू-मिरचीची पाटी बेकायदा ठरायला आली. दुकानदारांना मात्र कोणी कळवलेले दिसत नाही.

पण माझ्यासमोर प्रश्न होता तो त्या अकरा दिवसांचा. यंत्रे अशी पटकन का मरतात? उत्तर साधे आहे : उष्णता. गेमिंग लॅपटॉप म्हणजे घंगाळातले पाणी वाटीत उकळण्याचा प्रकार. तापते, निवते, पुन्हा तापते; धातू फुगतो, आकसतो आणि एक दिवस बारीक सांधा तडकतो. हे थोरामोठ्यांनाही चुकलेले नाही. 2008च्या जुलैत एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधल्या सदोष ग्राफिक चिपांपायी पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढल्याचे जाहीर केले. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टला एक्सबॉक्स 360 या खेळयंत्राची वॉरंटी वाढवून तीन वर्षे करावी लागली आणि त्यात शंभर कोटी डॉलरांवर खर्च आला. त्या काळात परदेशातली पोरे मेलेली ग्राफिक कार्डे चक्क ओव्हनमध्ये भाजून जिवंत करीत. चिरंजीवांनी हा उपाय सुचवताच सौ.नी ओव्हनच्या दारापुढे खुर्ची टाकली.

शेवटी शाखेतल्या शिपायाने पत्ता दिला. लॅमिंग्टन रोड. (कागदोपत्री भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचाराल तर घरी परत याल.) तिथे एका जिन्याखाली, आमच्या कॅशियरच्या पिंजऱ्याहून लहान जागेत, एक तरुण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. यंत्र उघडताना त्याने एक चिकटपट्टी फाडली. तिच्यावर लिहिले होते : ‘काढल्यास वॉरंटी रद्द’. अमेरिकेच्या सरकारने 2018मध्ये असल्या पट्ट्यांबद्दल सहा कंपन्यांना तंबी दिली होती, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, जी संपली ती अजून काय रद्द होणार?" एवढा स्वच्छ कायदेशीर मुद्दा मी आमच्या लॉ डिपार्टमेंटकडूनही ऐकलेला नाही.

मग त्याने बोर्डावर थोडे स्पिरिट ओतले, बेताची वीज सोडली आणि आम्हांला बघायला लावले. सगळा बोर्ड ओला होता. एका ठिकाणी स्पिरिट भराभर उडून गेले. "हा बघा. शॉर्ट. म्हणून इथंच तापतोय." तिथे तिळाएवढा कपॅसिटर होता. त्या तिळासाठी आम्हांला छप्पन्न हजारांचा बोर्ड सांगितला होता! त्याने तीळ उपटला, नवा बसवला, पंख्यातला धुळीचा गालिचा काढला, चिपवरचा वाळलेला लेप बदलला. दिवे लागले. गिरणी सुरू झाली. चिरंजीवांची फिल्म जशीच्या तशी निघाली आणि त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले. डोळ्यांत स्पिरिट गेले म्हणाले. माझ्याही गेले असावे.

"किती झाले?"

"साडेतीन हजार."

सवयीने मी विचारले, "गॅरंटी काय?"

त्याने वर न बघताच सांगितले, "मी रोज इथंच बसतो."

घरी येऊन मी पुन्हा शब्दकोश उघडला. गॅरंटी आणि वॉरंटी हे एकाच शब्दाचे दोन उच्चार. आपण ‘वीस’ म्हणतो आणि हिंदीवाला ‘बीस’ म्हणतो, तसे उत्तर फ्रान्सचे नॉर्मन ‘व’ म्हणत आणि पॅरिसकडचे ‘ग’. इंग्रजांनी दोन्ही उचलले. पण मूळ जर्मानिक शब्दाचा अर्थ कागद नव्हता, मुदत नव्हती, चिकटपट्टीही नव्हती. त्याचा अर्थ होता पाठीशी उभा राहणारा माणूस. कागद मागाहून आला आणि माणूस हळूच निघून गेला. सरकारने 2022च्या ग्राहक दिनी ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी संकेतस्थळ काढले, ते चांगलेच झाले. पण तो हक्क बजावायला जिन्याखाली कोणीतरी बसलेले असावे लागते.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. लॅपटॉप चालू आहे. हप्ते चार उरले आहेत. दोघांपैकी आधी कोण संपतो ते पाहायचे. गॅरंटी मात्र मला विचारू नका.