पितळी सुरांचे मानकरी

पुण्याच्या माणसाने दिवाळी अंकात लिहायचे तर सवाई गंधर्व महोत्सवाविषयी लिहावे, फार तर बालगंधर्वांच्या नाट्यपदांविषयी लिहावे. त्याने एकदम जॅझ बँडाचा विषय काढावा, हे काही वाचकांना आक्रीत वाटेल. परंतु अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर उभे राहून आपण प्रभात बँड आणि दरबार बँड ऐकतोच की नाही? क्लॅरिनेट आणि ट्रंपेट यांच्याशिवाय आपल्या घरची वरात निघत नव्हती. तेव्हा पितळी वाद्ये आपल्याला परकी नाहीत. त्यांच्या एका थोर घराण्याची ओळख मात्र आपण करून घेतलेली नाही, एवढेच.

हे घराणे म्हणजे अमेरिकेतला बिग बँड. वाजवणारे साधारण बारा ते सतरा. एका बाजूला ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन, दुसऱ्या बाजूला सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट, आणि मागे ताल सांभाळायला पियानो, गिटार, बास व ड्रम. ट्रंपेटवाल्यांनी एक ओळ टाकावी, सॅक्सोफोनवाल्यांनी तिला उत्तर द्यावे. आपल्या लावणीतल्या सवालजवाबासारखाच हा प्रकार. मग एखादा वादक उठून उभा राहतो आणि त्याच चालीत स्वतःच्या मनाचे वाजवू लागतो. बंदिश ठरलेली, विस्तार ज्याचा त्याचा. ख्याल ऐकणाऱ्या कानाला यातली गंमत समजावून सांगावी लागू नये! ड्यूक एलिंग्टन 1927 साली न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात वाजवू लागला. बेनी गुडमनने 16 जानेवारी 1938 रोजी हे संगीत कार्नेगी हॉलसारख्या प्रतिष्ठित सभागृहात नेले. तिथून त्याची कीर्ती जगभर झाली.

मुंबईला मात्र ही गंगा त्याआधीच येऊन पोहोचली होती. 1935 साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्याच्या मागोमाग ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी ताजमध्ये बँड चालवले. स्वदेशात ज्यांना वर्णभेदामुळे कित्येक दरवाजे बंद होते, ते हे कलावंत इथे राजेरजवाड्यांसमोर सन्मानाने वाजवीत होते. वेदरफर्ड तर हिंदुस्थानचाच झाला. 1945 साली कलकत्त्यात कॉलऱ्याने त्याचा अंत झाला.

या मंडळींचे वादन सर्वांत बारकाईने कोणी ऐकले असेल, तर ते आमच्या गोव्याच्या पोरांनी. त्याचे कारण साधे आहे. गोव्यात चर्चला जोडून पाठशाळा असत आणि तिथे गायनमास्तर मुलांना स्वरलिपी वाचायला व व्हायोलिन वाजवायला शिकवीत. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या गोवेकर तरुणापाशी भांडवल काय, तर हे एवढेच. पण ते नाणे खणखणीत होते. मिकी कोरिया यांनी 1939 पासून सुमारे दोन दशके ताजमधला बँड सांभाळला. बार्देशातल्या आल्दोना गावचे अंतोनियो झेवियर वाझ हे ट्रंपेट वाजवता वाजवता ‘चिक चॉकलेट’ झाले. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. या हौशीला जातधर्माचे कुंपण नव्हते. रुडी कॉटन या नावाने सॅक्सोफोन गाजवणारे गृहस्थ मूळचे पारशी, कावसजी खटाव.

आता पुण्याकडे वळू. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, हे पं. विनायकबुवा पटवर्धनांचे शिष्य. बुवांनी 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि उभे आयुष्य विद्यादानात घालवले. अशा कडक गुरूच्या या शिष्याला पुढे बेनी गुडमनचे वेड लागले, ही मला मराठी संगीताच्या इतिहासातली एक मोठी गोड गोष्ट वाटते. 1947 च्या ‘शहनाई’त अण्णांनी रविवारचे इंग्रजी नाव घालून केलेले गाणे साऱ्या देशाच्या तोंडी झाले. 1951 साली भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. त्यात चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. ज्या चित्रपटात पाय थिरकवणारा ‘शोला जो भडके’ आहे, त्याच चित्रपटात लताबाईंनी गायलेली अंगाईही आहे. दोन्हींचा संगीतकार एकच. 1957 च्या ‘आशा’तले ‘ईना मीना डीका’ लक्ष देऊन ऐका, त्या निरर्थक अक्षरांच्या गर्दीत कोकणी शब्द कानावर येतात. गोवेकर वादकांच्या सहवासाची ती खूणच म्हणायची.

हे वादक चित्रपटांकडे वळले त्यालाही इतिहास आहे. इंग्रज गेले, हॉटेलांतले नृत्याचे दिवाणखाने ओस पडू लागले. त्यातच 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. रात्रीच्या मैफलींचे उत्पन्न आटले आणि वादकांनी ध्वनिमुद्रणशाळांची वाट धरली. तिथे त्यांची गरज होतीच. आपले संगीतकार चाल गाऊन दाखवीत. परंतु पन्नास वाद्यांनी ती एकाच वेळी वाजवायची तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद हवा. तो कागद लिहिणारा तो संयोजक. फाळणीनंतर लाहोरहून आलेल्या सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 साली भारतीय रागांवर आधारलेल्या रचनांसाठी स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तले अँथनी गोन्साल्विसच्या नावाचे गाणे सर्वांना पाठ आहे, पण त्या नावाचा माणूस खरोखर होऊन गेला आणि ती एका शिष्याची गुरुदक्षिणा होती, हे किती जणांना ठाऊक असेल?

मला खुपते ते इथेच. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरून मी लाखेच्या तबकड्या गोळा केल्या आहेत. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. लेबलावर चित्रपटाचे नाव असते, गायकाचे असते, संगीतकाराचे असते. गाणे सुरू होण्याआधी जो ट्रंपेट अंगावर काटा आणतो, तो वाजवणाऱ्याचे नाव कुठेही नसते. पगार घेतला, वादन केले, कागद घडी करून निघून गेले. आपल्याकडे देवळाच्या शिल्पावर पाथरवटाचे नाव नसते, तसेच हे. पण पाथरवट शेकडो वर्षांपूर्वी होऊन गेले. ही माणसे तर आपल्या वडिलांच्या पिढीतली!

आणि सरकारदरबारीही या संगीताचे स्वागत कुठे झाले? बाळकृष्ण केसकर 1952 साली नभोवाणीमंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. पाश्चात्य ढंगाची चित्रपटगीते त्यांना रुचत नसत. आकाशवाणीवर ती गीते दुर्मिळ झाली, तेव्हा श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. अखेर 1957 साली विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांच्या काळात अनेक गवय्यांना आकाशवाणीचा आधार मिळाला. पण विनायकबुवांच्या शिष्याने जॅझ ऐकून आपली चाल बिघडवली नाही, तिला नवे अंगरखे चढवले, हे त्यांनी ध्यानात घेतले नाही असे वाटते.

देवाणघेवाण काही एकाच बाजूने झाली नाही. 1963 साली एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन भारतात आला. पुढे 1967 साली निघालेल्या ‘फार ईस्ट स्वीट’ या त्याच्या ध्वनिमुद्रिकेत आग्र्याच्या नावाची एक रचना आहे, तर दुसरीत दिल्लीतल्या एका पाखराची शीळ आहे. एवढा मोठा कलावंत आपल्याकडचे पाखरू आठवणीने घेऊन गेला. आणि आपण आपल्याच वादकांची नावे विसरावीत?

1967 सालीच चिक चॉकलेट गेले, आणि 2012 साली गोन्साल्विस. त्याच वर्षी नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर ग्रंथ लिहून यांतली बरीच नावे अंधारातून बाहेर काढली. आता उरलेले काम आपल्या घराघरांतले आहे, आणि ते अवघड नाही. दिवाळीच्या फराळाला मंडळी जमतील, कोणीतरी जुनी गाणी लावील. गाणारा कोण हे नातवंडांना सांगालच. त्यासोबत मधला ट्रंपेट कोणत्या गावच्या माणसांनी आपल्या गाण्यांत आणला, हेही सांगा. आजोबांनी चकली बाजूला ठेवून एवढे सांगितले, तरी त्या पितळी सुरांच्या मानकऱ्यांना त्यांचा मान पोहोचेल.